निळ्या कॅनमधला शाम्पू

ताईच्या पार्लरमध्ये डोकी धुण्याचं काम धाकटीकडे होतं. केस कापणं, रंगवणं, गिऱ्हाइकांशी गोड बोलणं हा ताईचा प्रांत. मागच्या खोलीत बेसिनपाशी उभं राहून दिवसाला बारा-पंधरा डोकी धुणं हा धाकटीचा. इतक्या वर्षांत तिला माणसं चेहऱ्यापेक्षा टाळूवरून जास्त ओळखू यायला लागली होती.

तेलकट केसांनी मात्र दोघी बहिणींना जेरीस आणलं होतं. सकाळी धुतलेले केस दुपारपर्यंत कपाळाला चिकटायचे आणि बायका तोंड वाकडं करून पुन्हा दारात हजर. लिंबाचा शाम्पू झाला, मातीचा झाला, औषधी म्हणवणारे चार झाले. एकाने केसांचा झाडू व्हायचा, दुसऱ्याने काही म्हणजे काही फरक पडायचा नाही. ताईची पंधरा वर्षांची मुलगी चिमणी, तिच्या केसांचं तर विचारूच नका. वर्गातल्या मुली तिला ‘तळणी’ म्हणायच्या. चिमणी घरी येऊन न जेवता झोपायची.

अशात तो विक्रेता आला. इस्त्रीचा सदरा, बोलणं पाकात घोळलेलं. निळा कॅन त्याने स्वतःच उचलून आत आणला.

“एकदा धुवा, चार दिवस बघायला नको,” तो म्हणाला. “दुकानात मिळायचा नाही. फक्त निवडक पार्लरना देतो.”

“यात आहे काय?” धाकटीने विचारलं.

“आचारी आपला मसाला सांगतो का, बाई?”

ताई खळखळून हसली, आणि कॅन राहिला.

पहिलं डोकं टपाल कचेरीतल्या बाईंचं धुतलं. बाई दिवसभर खिडकीशी बसायच्या आणि केसांपायी सदैव रुमाल बांधायच्या. धुऊन, वाळवून आरशासमोर बसवल्यावर त्या स्वतःकडे बघतच राहिल्या. केस पंख्याच्या वाऱ्यावर भुरभुरत होते. “डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय गं,” त्या म्हणाल्या आणि रुमाल पर्समध्ये कोंबून गेल्या. चार दिवसांनी आल्या तरी केस तसेच. मग काय, बातमी वाऱ्यासारखी पसरली. ताईची वही तीन आठवडे पुढपर्यंत भरली.

धाकटीला पहिल्यांदा खटकलं ते नखांचं. रविवारी हौसेने लावलेलं नेलपेंट सोमवारी दुपारी पार निघून गेलं. मग बेसिनचं रबरी बूच तडकलं. नवं आणलं, तेही आठवड्यात तडकलं. बोटांची टोकं पांढुरकी पडली, त्यांना बधिरपणा आला. कामाचा ताण म्हणून तिने कानाडोळा केला.

एका संध्याकाळी ती भाजी चिरत असताना नवरा कारखान्यातून आला. पाणी प्यायला वाकला तो तसाच थबकला. त्याने तिचा हात नाकाशी नेला.

“आज आमच्या खात्यात आली होतीस का?”

“मी कशाला येऊ?”

“मग हा वास? अगं, यंत्राच्या सुट्या भागांचं ग्रीस काढायला टाकीत रसायन असतं ना, त्याचा आहे हा. आम्ही हातमोजे घातल्याशिवाय त्या टाकीजवळ फिरकत नाही.”

धाकटीने स्वतः हात हुंगून बघितला. वर फुलांचा वास होता. त्याच्याखाली दुसरा काहीतरी होता, घशात बसणारा.

दुसऱ्या दिवशी तिने ताईला सांगितलं. ताई वही चाळत म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला जिथेतिथे कारखाना दिसतो. कुणी तक्रार केलीय का एक तरी?”

“टपालवाल्या बाई आल्या नाहीत. दोन वेळा चुकल्या.”

“केस छान झाले, कशाला येतील?” ताईने वही मिटली. तिथे विषय संपला.

पण धाकटीच्या डोक्यातून तो जाईना. त्या दिवशी बेसिनशी एक शिक्षिका होती. बोलता बोलता नळ चुकून गरमच्या बाजूला जास्त फिरला. धाकटीचं मनगट भाजलं. तिने झटकन हात मागे घेतला, नळ बंद केला. शिक्षिका डोळे मिटून पडली होती, चेहऱ्यावर तेच समाधान.

“बाई, भाजलं का हो?”

“नाही गं,” शिक्षिका म्हणाली. “पाणी गरम होतं का? मला तर गारच वाटतंय. इथे आलं की डोकं कसं थंड होतं बघ.”

तिची टाळू लालभडक झाली होती. धाकटीने गार पाण्याने डोकं धुऊन काढलं, टॉवेल गुंडाळून शिक्षिकेला बाहेर बसवलं आणि कॅनसमोर गुडघे टेकले. फुलांचं चित्र असलेलं लेबल ओलाव्याने कोपऱ्यात सुटलं होतं. तिने ते धरून ओढलं. खाली दुसरं लेबल होतं. त्यावर एका हाताचं चित्र होतं, त्या हातावर थेंब पडत होता आणि थेंब पडला तिथे हात खाल्ला गेला होता.

तिने ताईला आत बोलावलं. ताईने लेबल वाचलं, पुन्हा वाचलं. मग तिचा चेहरा असा उतरला की धाकटीने तिला दंडाला धरलं.

“चिमणीला...” ताईने वर छताकडे बघितलं. “चिमणीला मी बाटली भरून दिलीय. रोज लावते ती.”

घर पार्लरच्या वरच होतं. दोघी जिना कशा चढल्या त्यांनाच ठाऊक. न्हाणीघराचं दार बंद, आत पाण्याचा आवाज.

“चिमणे, दार उघड!”

“थांब ना आई, फेस आहे डोक्यावर.”

“तशीच ये! आत्ताच्या आत्ता!”

कडी निघाली. चिमणी ओल्या केसांनी उभी, जराशी वैतागलेली. “काय झालं एवढं?” म्हणत तिने कपाळावरचे केस मागे सारले. हात खाली आला तेव्हा केस हातातच होते. मूठभर. तिने त्यांच्याकडे बघितलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

“दुखलं का गं?” धाकटीने हळूच विचारलं.

“नाही, मावशी. काहीच वाटलं नाही.”

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी उरलेले केस काढून टाकले, मलम दिलं. जखमा महिनाभरात भरतील म्हणाल्या. केस बाजूंनी येतील, पण भांगाच्या जागेचं वचन देता येत नाही. चिमणीने सगळं ऐकून घेतलं. विक्रेत्याचा फोन बंद होता. दोघी बहिणी पोलीस चौकीत तक्रार नोंदवायला गेल्या, तर तिथे आणखी दोन पार्लरवाल्या आधीच बसल्या होत्या, तसेच निळे कॅन पायाशी ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने दारावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लावली आणि खुर्चीत बसून राहिली.

“गिऱ्हाइकांना काय सांगायचं?” धाकटीने विचारलं.

“पाटी आहे की.”

“ताई, वहीत अठ्ठेचाळीस जणी आहेत. काहींनी बाटल्या घरी नेल्यात. तू फोन करतेस की मी करू?”

धाकटीने आजवर ताईसमोर आवाज चढवला नव्हता. ताईने तिच्याकडे बघितलं, मग फोन ओढून घेतला. पहिल्या दोघी किंचाळल्या. तिसरी रडली. शिक्षिकेने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे काल मला खरंच भाजलं होतं.” ताई दर वेळी तेच सांगत राहिली, काही न लपवता. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला.

टपालवाल्या बाई मात्र फोन उचलेनात. कचेरीत विचारलं तर तीन आठवडे रजेवर आहेत म्हणे. दोघी पत्ता शोधत गेल्या. तिसऱ्या मजल्यावर भर दिवसा पडदे ओढलेले. बराच वेळ बेल वाजवल्यावर दार साखळी न काढताच बोटभर उघडलं. आतून एक डोळा दिसला. त्यावर भुवई नव्हती.

“माझ्या अंगातच काही दोष निघाला असं वाटलं मला,” बाई म्हणाल्या. “बाकीच्या सगळ्यांचे तर छान झाले ना? म्हणून म्हटलं, कुणाला कशाला सांगा.”

ताईने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

“बाई, दोष तुमच्यात नाही,” ती म्हणाली. “आम्हाला आत येऊ द्या. सगळं सांगते.”

साखळी काढायला बाईंना फार वेळ लागला.