हिरव्या दिव्याचा जाच

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे, आणि मित्रांनो, आज मला भयंकर राग आला आहे.

सुताराने मला घासून घासून गुळगुळीत केले, ते चार माणसांनी समोरासमोर बसून पोटभर जेवावे म्हणून. माझ्यावर ताटे वाजली, दूध सांडले, भांडणे झाली आणि मिटलीही.

पुढे घरच्या सूनबाईंना घरूनच काम करायची मुभा मिळाली. विमा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी सोडवायच्या, हे त्यांचे काम. त्यांचा संगणक माझ्यावर आला. सुरुवातीला मला आनंदच झाला. बसचे धक्के वाचले, त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. लेक शाळेतून आली की आई समोर दिसे.

पण कंपनीतल्या साहेबांच्या पोटात दुखू लागले. माणसे घरी झोपा काढतात, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी नियम काढला, पडद्यावरचा हिरवा दिवा दिवसभर पेटता हवा! माऊस जरा थांबला की दिवा पिवळा होई आणि साहेबांचा फोन येई. सूनबाई एका हाताने माऊस हलवत, दुसऱ्याने घास घेत. पुढे घासही राहिला. मान आखडली, पित्त वाढले, लेकीवर उगाच ओरडणे सुरू झाले.

शेवटी सासूबाईंना राहवले नाही. "ऊठ गं, आत बसून नीट जेव. तुझा उंदीर मी पळवते," म्हणून त्या खुर्चीत बसल्या. नेमका साहेबांचा कॉल आला, सासूबाईंचे बोट भलतीकडे पडले आणि पडद्यावर साहेब उगवले.

"तुम्ही कोण? मॅडम कुठे आहेत?"

"मी तिची सासू. ती जेवतेय. तुमच्याकडे जेवत नाहीत वाटतं?"

"आजी, ही फसवणूक आहे. नोकरी जाईल त्यांची!"

सूनबाई खरकट्या हातानेच धावत आल्या. मला वाटले, आता गयावया करतील.

"जाईल कशाला, सर? मीच सोडते. माझ्याकडे सोडवायची एक तरी तक्रार बाकी असेल तर दाखवा."

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "अहो, असं काय करता? आधीच माणसं टिकत नाहीत हो!"

टिकतील कशी? काम बघायचे सोडून बोटांवर पाळत ठेवता, आणि वर माणसांनाच नावे ठेवता?

सूनबाईंनी नोकरी सोडलीच, आता त्या दुसरे काम शोधत आहेत. घरात काळजी आहे, पण दुपारी सगळी माझ्याभोवती जेवतात.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलाही कोणी साहेब होईल. कामात चूक दिसली तर खुशाल कान पकडा. पण माणसाच्या घासावर पहारा बसवू नका.