केसांवर वाढलेली कुंती

विश्वास ठेवू नका. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. ज्या माणसाच्या हाती तुम्ही वस्तऱ्यासकट आपला गळा देता, वर डोळे मिटून घोरताही, त्याच्या शब्दावर मात्र तुमचा काडीचा भरवसा नसतो. दुनियेची ही रीत मला ठाऊक आहे. माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत. तरी सांगतो, कारण बाकावर टपालवाले बसलेत, त्यांचा नंबर यायला अवकाश आहे, आणि खुर्चीत गळ्याभोवती पांढरं कापड बांधून खुद्द समोरच्या घरातल्या बाई बसल्यात. साक्षीदार हजर असताना खोटं बोलायला मी काय वकील आहे?

दाराबाहेर मोठ्या कुंडीत ती कुंती दिसते ना? बारीक, तकतकीत पानांची, बारा महिने हिरवीगार. ही झुडपं लोक शेणखतावर वाढवतात, पेंडीवर वाढवतात. माझी कुंती केसांवर वाढली. या दुकानात जेवढी डोकी झाली, त्यांचे केस मी केरात टाकले नाहीत. झाडून गोळा करायचे, कुंडीतली माती उकरायची आणि मुळाशी पुरायचे. केस सावकाश कुजतात, ओल धरून ठेवतात. इथपर्यंत बाईसुद्धा मान हलवतील. पुढचं ऐका.

ज्याचे केस, त्याचा गुण झाडात उतरायचा. हेडमास्तरांचे केस घातले, तर दुसऱ्या आठवड्यात सगळी पानं देठ सरळ करून रांगेत उभी. एका गवयाचे घातले, तर वाऱ्याची झुळूक आली की कुंडीतून तंबोरा लागल्यासारखा आवाज. पहिलवानाचे घातले त्या दिवशी तर मुळांनी अशी काही बैठक मारली की कुंडीच दुभंगली.

"आजोबा, कुंडी मांजरानं पाडली होती," नात म्हणते. दुकान आता तीच चालवते, आणि माझ्या गोष्टींना कात्री लावायचं कामही तिनं आपणहून अंगावर घेतलंय.

"मांजर कोणाचं होतं? पहिलवानाचंच ना? मग झालं तर!"

तर माझ्या हाताला कंप सुटला, तेव्हा गिऱ्हाइकं एकेक करून नातीच्या खुर्चीकडे वळली. त्यांचं काही चुकलं नाही. कानाची पाळी प्रत्येकाला प्यारी असते. पण कुंती माझ्याकडेच राहिली. जरा कुठं कोंब वर आला की मी कात्री घेऊन हजर. आधी पाण्याचा फवारा, मग कंगवा, मग कापणं, शेवटी ब्रश. काम झालं की मागून आरसा धरून तिला दाखवायचो. आवडलं नाही तर पानं मिटून बसायची. 'मान खाली' म्हटलं की शेंडा वाकवायची. तुमच्यातले निम्मे लोक तेवढं ऐकत नाहीत.

आता या बाई. शाळेत शास्त्र शिकवायच्या, सुटल्या. पण शाळा सुटली तरी शिकवणं सुटत नाही. रोज सकाळी रस्ता ओलांडून इथं बाकावर येऊन बसायच्या, पेपर मोठ्यानं वाचायच्या आणि त्यातल्या चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून मला परत द्यायच्या. पेपर संपला की माझी पाळी.

"दादा, अहो कुंतीला फुलं येतात. पांढरी, वासाची."

"आमच्या कुंतीला नाही येत."

"येतील कशी? टोकाला कळी धरायच्या आत तुम्ही भादरून टाकता. झाड आहे ते, शिपायाचं डोकं नव्हे!"

"बाई, वाढलेले केस दिसले की माझा हात थांबत नाही. चाळीतले असोत की कुंडीतले."

हा वाद आमचा किती वर्षं चालला, देव जाणे. दोघांनाही तो संपवायचा नव्हता.

मग एक दिवस बाई आल्या त्या पेपर न उचलता सरळ या खुर्चीत बसल्या. लांब वेणी होती त्यांची, पांढऱ्यात काळी उरलेली. नात पुढे झाली तर म्हणाल्या, "तू नको गं. दादांना बोलव." आणि मला म्हणाल्या, "उद्यापासून ती मोठी औषधं सुरू होतायत. ती केस नेणारच आहेत. त्यांनी उशीवर पुंजके पुंजके नेण्यापेक्षा तुम्हीच एकदाच काढा. नीट काढा."

मी कात्री घेतली. आणि खरं सांगतो, कात्री उघडेना. गंजलीच एकदम. तेल घातलं, फडक्यानं पुसली, दगडावर फिरवली. उघडेचना.

"कात्री उघडत होती, आजोबा," नात हळूच म्हणते. "हात उघडत नव्हता."

बरं, तसं. एकूण काही तरी उघडत नव्हतं. शेवटी उघडलं. वेणी काढली, मग मशीन फिरवलं, मग वस्तरा, आणि त्या दिवशी माझा हात जराही थरथरला नाही, याला नात साक्षी आहे. ती इथं काही बोलत नाही, बघितलंत ना? बाईंनी आरशात पाहिलं. "छान झालंय," म्हणाल्या. शाळेत नापास पोराला म्हणावं तसं. वेणी मी कुंतीच्या मुळाशी पुरली.

त्यानंतर बाई दिसेनाशा झाल्या. दवाखान्याची गाडी यायची, डोक्यावरून शाल घेऊन बसायच्या, तशाच परत उतरायच्या. बाकी वेळ समोरच्या खिडकीचा पडदा बंद. सकाळी पेपर बाकावर पडून राहायचा, चुकांसकट. मी दार वाजवलं तर आतून आवाज, "दादा, झोपलेय." झोपलेला माणूस असा बोलतो? नात भाजी, दूध पोचवून यायची.

"काय म्हणाल्या?" मी विचारायचो.

"म्हणाल्या, केस आले की येईन."

"आणि नाही आले लवकर तर?"

बाई बारीक होत चालल्या होत्या, जेवण दारातून अर्धं परत येत होतं. माणूस एकदा पडद्याआड राहायला शिकला की त्याला पडदाच बरा वाटायला लागतो. मला एवढंच हवं होतं, की बाईंनी त्या बाकावर येऊन बसावं आणि मला चार शब्द सुनवावेत. दुसरं काही नको. पण शब्दाचा मार शहाण्याला, आणि समजूत काढायची तर ती ऐकणाऱ्याला. बाई दोन्हींत बसत नव्हत्या.

आणि इथं तो चमत्कार घडला. टपालवाले, पाय आत घ्या.

एका सकाळी दुकान उघडायला आलो, तर कुंती टकली! एकही पान नाही. नुसत्या काड्या. काल संध्याकाळी हिरवीगार, आज गुळगुळीत. मी समजलो. बाईंची वेणी मुळाशी होती ना! ज्याचे केस, त्याचा गुण. बाईंचं दुःख मुळातून चढत चढत शेंड्यापर्यंत गेलं आणि बिचारीनं आपणहून सगळी पानं टाकली.

"टाकली तर पडली कुठं?" टपालवाले विचारतात.

"वाऱ्यानं नेली."

"सगळी?"

"वारा म्हटल्यावर तो काय निवडून नेणार? तुम्ही पत्रं वाटता का निवडून?"

रस्त्यानं जाणारा येणारा थांबून हसायला लागला. कोणी तिच्यावर हेल्मेट अडकवून गेलं. कोणी म्हणालं, मेलं झाड, उपटा. आणि मी पाहिलं, समोरचा पडदा बोटभर सरकला होता. दुसऱ्या दिवशी दोन बोटं.

तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, "अगं, बादल्या आण! हिला तहान लागलीय. आता सकाळ-संध्याकाळ भरभरून पाणी घालतो. आणि दाढीचं साबणाचं पाणीसुद्धा ओततो, ताकद येईल!"

पहिली बादली उचलली मात्र, समोरची खिडकी धाडकन उघडली.

"दादा! खबरदार! अहो, पानं नाहीत तर पाणी पिणार कोण? मुळं कुजतील! ठेवा ती बादली खाली!"

"आमच्या कुंतीला पाणी मानवतं, बाई," मी म्हणालो आणि बादली तिरपी केली.

त्या आल्या. जिना उतरून, रस्ता ओलांडून, घरातल्या सपाता घालून. बादली माझ्या हातातून हिसकावून घेतली आणि भर रस्त्यात माझी अशी बिनपाण्यानं केली की काय सांगू! आमच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण तसा हात मी कोणाचा पाहिला नाही. मी अडाणी, मी कसाई, मला झाड देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. मी मान खाली घालून ऐकत होतो. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

बोलता बोलता त्यांचा हात सवयीनं वेणी मागं टाकायला गेला. आणि तिथं वेणी नव्हती. शाल वरच राहिली होती. सगळी गल्ली बघत होती.

हे टपालवाले तेव्हा तिथंच होते. त्यांनी काय केलं माहीत आहे? थैलीत हात घातला, चाळल्यासारखं केलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाई, आज तुमचं काही नाही." बस. बाई म्हणाल्या, "बरं." मग वाकल्या, नखानं कुंतीची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं.

"जिवंत आहे," म्हणाल्या. "सावलीत सरकवा. माती सुकेल तेव्हाच पाणी, तेही थोडं. आणि दादा, यापुढे हिला कात्री लावायची नाही."

"वाढली तर?"

"वाढू दे."

मग बाकावर बसल्या आणि पेपर उघडला. पहिल्याच पानावर चूक सापडली.

त्या दिवसापासून रोज. दवाखान्याचा दिवस असला तरी आधी इकडे, मग गाडी. काड्यांच्या डोळ्यांतून तांबूस कोंब फुटले, तेव्हा बाईंच्या डोक्यावर लव आली. दोघींची शर्यतच लागली. मी रोज सकाळी मोजपट्टी लावायचो. कुंती पुढे गेली तर बाई रागावायच्या, बाई पुढे गेल्या तर कुंती. कात्रीसाठी माझा हात शिवशिवायचा, तेव्हा तो मी मागं धरून बसायचो. आणि अखेर टोकांवर कळ्या आल्या. उमलल्या! असा वास सुटला की रस्त्यानं जाणाऱ्या एका टकल्याच्या डोक्यावर जागच्या जागी भांग पडला.

"कोणत्या टकल्याच्या?" नात विचारते.

"गेला तो पुढे. भांग पाडून कोण थांबतं?"

आणि बाईंचे केस बघा. सरळ गेले, कुरळे आले. आज पहिल्यांदा कापायला बसल्यात, नुसती टोकं सारखी करायला. केस आणा त्यांचे इकडे, मुळाशी घालायचेत. तर मंडळी, मला एवढंच म्हणायचंय, की झाडालाही माणसाचं दुःख कळतं. कळलं म्हणून तिनं आपणहून पानं टाकली. कोणी सांगितलं नाही, कोणी तोडली नाहीत. मी तर त्या दिवशी कात्रीला शिवलोसुद्धा—

"खोटं!"

खुर्चीतून बाईंचा आवाज येतो. नातीची कात्री हवेतच थांबते.

"साफ खोटं, दादा. कुंती सदाहरित आहे. अशी एका रात्रीत पानं टाकत नाही, हे मी शिकवत आले आयुष्यभर. आणि शिकवायचं कशाला? त्या पहाटे मला झोप नव्हती. पडद्याआड उभी होते. तुम्ही तिच्या गळ्याशी हेच पांढरं कापड बांधलंत, आणि एकेक फांदी थरथरत्या हातात धरून विचारत होतात, 'आखूड करू की मध्यम?' तिला उत्तर देता येईना, म्हणून शेवटी मी खाली आले!"