पाचटाच्या कोपीशेजारचा तंबू

मित्रांनो, मी एक जुना लष्करी तंबू आहे आणि या क्षणी ओला आहे. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी तातडीची आहे. परंतु स्वतःची कहाणी सांगणाऱ्याने जन्मापासून आरंभ करावा असा शिष्टाचार आहे, आणि मी शिस्तीत वाढलेला. तेव्हा थोडा धीर धरा. मला तो फार वेळ धरता येणार नाही.

माझा जन्म एका सरकारी कारखान्यात झाला. जाड सुताचे घट्ट विणलेले कापड, त्यात मुरवलेले मेण, आणि त्या मेणाचा असा उग्र वास की नवा शिपाई पहिले काही दिवस नाकाला रुमाल लावी. तो वास हीच माझी विद्या होती. कारण पाणी कापड अडवत नाही, मित्रांनो. कापडात मुरलेले मेण अडवते. डोंगरांतल्या बर्फाने माझी पाठ वाकवली, वाळवंटातल्या वाऱ्याने माझा हिरवा रंग खाल्ला, पण माझ्या आत निजलेल्या माणसावर थेंब पडला नाही. सैन्यात तंबूला कोणी आंघोळ घालत नाही. त्याला झाडतात, उन्हात वाळवतात आणि मगच त्याची घडी करतात.

पुढे माझ्यावर 'निरुपयोगी' असा शिक्का बसला. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या गळ्यात हार घालतात. तंबूला काट्यावर घालून त्याचे वजन करतात. सोलापूरच्या भंगारबाजारातून माझ्यासह तीन तंबू सयाजीने स्वस्तात उचलले. सयाजी करमाळा तालुक्यातला, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचा. तिथल्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागे शहरातली माणसे. नवे तंबू त्याच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून त्याने आम्हाला चिंचेखाली उभे केले आणि वर पाटी लावली: 'अस्सल आर्मी कॅम्प'. सैन्याने निरुपयोगी ठरवलेली वस्तू नागरिकांसाठी अस्सल कशी होते, हा प्रश्न मी विद्वानांवर सोपवतो. मला मात्र त्या पाटीचा अभिमान वाटला. म्हाताऱ्याला पुन्हा कामावर घेतले तर तो अटी घालत नाही.

सयाजीची आई गिरिजाबाई. घट बसण्यापूर्वी घरातले झाडून सगळे कापड धुवायचे, हा त्या गावचा दंडक. गोधड्या, वाकळा, चादरी, पडदे, सारे काही पाण्यावर जाते. गिरिजाबाईंनी एका सकाळी माझ्याकडे पाहिले आणि नाकाला पदर लावला.

"सयाजी, ह्यो तंबू पारोसा हाय."

"आई, तंबू कुणी धुतंय व्हय?"

"माणसं झोपत्यात ना ह्यात? मग अंथरूणच की ह्ये. कमळाभवानीचं घट बसायचं आन् दारात ह्यो वास?"

तिघांतला मी त्यातल्या त्यात बरा, म्हणून मान माझा. त्या माउलीने मला काठावर नेले, धुण्याच्या सोड्यात भिजत घातले आणि धोपाटण्याने असे बडवले की शत्रूलाही ते जमले नसते. माझ्यातून पिवळट मेणचट पाणी निघू लागले तसा तिचा चेहरा उजळला. "बघ, किती वरसाचं तेलकट बसलं हुतं," ती म्हणाली. प्रेमाने केलेला विध्वंस थांबवण्याचे शास्त्र अजून कोणी लिहिलेले नाही. एवढ्या श्रमात तिची कंबर धरली, म्हणूनच माझे दोन सोबती वाचले. ते मळके राहिले.

दिवाळी सरली आणि कुंपणापलीकडच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली. त्यांनी उसाचे पाचट आणि फाटक्या प्लास्टिकच्या कोप्या, म्हणजे वाकून शिरायच्या झोपड्या, घातल्या. सगळ्यांत जवळची कोपी फुलाबाईची. ती ओली बाळंतीण होती. नवरा भीमा उसाच्या ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर गेला की तिथेच अडकून पडे.

त्याच सुमारास सोलापूरचे मृत्युंजय आणि त्यांची पत्नी काव्या मित्रमंडळींसह आले. मी स्वच्छ, म्हणून त्या दोघांना मी मिळालो.

"असं जमिनीवर राहिल्याशिवाय जगणं कळत नाही," मृत्युंजय खुर्चीत बसून म्हणाले.

काव्याने कुंपणापलीकडे पाहिले. "त्या बाईसुद्धा तशाच राहताहेत की."

"त्यांचं वेगळं गं."

मित्रांनो, मी अनेक भाषणे ऐकली आहेत. इतक्या थोड्या शब्दांत इतके मोठे तत्त्वज्ञान ऐकले नव्हते. जमिनीवर झोपणे हा छंद आहे की दैन्य, हे ठरवायला परत जाण्यासाठी घर आहे की नाही एवढेच पाहायचे असते.

दुपारी अवकाळी आभाळ फुटले. मी अंग ताणले, शिवणी आवळल्या, जुनी विद्या आठवली. आणि पाणी माझ्यातून असे गेले जसे चाळणीतून जाते. मंडळी गाडीत बसली आणि करमाळ्याच्या लॉजवर निघाली. मृत्युंजयांनी माझ्यातले सामान दोन्ही कोरड्या तंबूंत हलवले आणि त्यांची दारे बाहेरून बांधली. "सामान आत राहू दे, सयाजी. बुकिंग आपलंच आहे, उद्या येतो." अशा रीतीने गाद्या, घडीच्या खुर्च्या आणि कोळशाचे पोते उत्तम निवाऱ्यात राहिले.

कोपीचे प्लास्टिक वाऱ्याने उडाले तेव्हा गिरिजाबाई पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन धावल्या.

"आगं, बाळंतीण तू, पाचटात भिजत बसलीस व्हय? चल, तंबूत चल."

"आक्का, मालकास्नी इचारलंय का?"

"मालक मीच जन्माला घातलाय. ऊठ."

आणि त्यांनी बाळ-बाळंतिणीला माझ्यात आणले, कारण तिघांत मीच तेवढा रिकामा होतो; मी गळतो हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. "बिनघोर ऱ्हा," त्या म्हणाल्या, "ह्यो बर्फात टिकलाय."

ते वाक्य मला अजून सोसत नाही. मी टिकलो होतो, खरे आहे. पण जे टिकले होते ते धोपाटण्याखाली निघून गेले होते, आणि हे सांगायला मला तोंड नव्हते. पहिला थेंब बाळाच्या कपाळावर पडला. फुलाबाईने कूस बदलली. दुसरा तिथेही पडला. ती बाळावर ओणवी झाली, पाठीचे छप्पर करून. एक बाई माझे काम करत होती आणि मी तिच्यावर गळत होतो. बाळाचे रडणे हळूहळू बारीक झाले. रडणे बारीक होते तेव्हा ते शमलेले नसते, हे मी बर्फात शिकलो आहे.

गिरिजाबाईंनी वर हात लावला. बोटांना बुळबुळीत फेस लागला. त्यांनी तो हुंगला आणि त्या जागच्या जागी बसल्या.

"सोडा हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "माझाच सोडा हाय."

मग त्या उठल्या आणि शेजारच्या तंबूच्या गाठी सोडू लागल्या. सयाजी पावसातून धावत आला.

"आई, ते बुक हाय. लोकांचं सामान हाय त्यात."

"तुझ्या बुकिंगला थंडी वाजती व्हय रं?"

"उद्या कोण येईल का मग आपल्याकडं?"

"नगं येऊ दे."

त्यांनी खुर्च्या आणि पोते बाहेर चिखलात लोटले, फुलाबाईला आत नेले आणि लेकराला स्वतःच्या पोटाशी, लुगड्याच्या आत धरून बसल्या. माझ्या त्या मळक्या, वास मारणाऱ्या सोबत्याने थेंबही आत येऊ दिला नाही. बऱ्याच वेळाने रडणे पुन्हा मोठे झाले. माझ्या आयुष्यात मी ऐकलेला तो सर्वांत गोड आवाज.

कहाणी इथे संपायला हवी होती, मित्रांनो. पण सकाळी ऊन पडले आणि मंडळी परतली. मृत्युंजय रागावले नाहीत. "हरकत नाही," ते म्हणाले, "फक्त आधी विचारायला हवं होतं." काव्याने बाळाकडे पाहिले आणि मान फिरवली. सयाजीने आईच्या वतीने माफी मागितली, दोन्ही तंबू झाडले आणि पाहुणे गेल्यावर त्यांची दारे पुन्हा बांधली. फुलाबाई कोपीत परतली. मला त्याने ओलाच गुंडाळून खताच्या पोत्यांमागे ढकलले.

आता मला बुरशी धरली आहे. गिरिजाबाईंनी कुठून तरी मेण आणले आहे, रोज येऊन माझ्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "वाळू दे रं बाबा आधी." पण मला उन्हात ओढायला त्यांच्या कमरेत बळ नाही, आणि सयाजी म्हणतो, "सुट्टीला बघू." आज आभाळ पुन्हा भरून आले आहे. भीमा कारखान्यावर आहे. कुंपणापलीकडून बाळाचा खोकला ऐकू येतो.

मला जपा, असे मी म्हणणार होतो. अशा कहाण्या तशाच संपतात. मला वाळवा, मेण लावा, सोड्यापासून दूर ठेवा. पण त्याला दिवस लागतील आणि ढग तितके थांबणार नाहीत. तोवर चिंचेखाली दोन तंबू उभे आहेत, कोरडे आणि पुढच्या सुट्टीपर्यंत रिकामे. त्यांना कुलूप नाही, मित्रांनो. नुसती दोरीची गाठ आहे, आणि ती बाहेरच्या बाजूला आहे.