सरकत्या छपराची खोली

शनी मागे लागू नये म्हणून लोक धडपडतात. लिफ्टवाल्याची बायको मात्र शनीच्या मागे लागली होती. बाईंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने शनी काढायचा, त्याला कडं घालायचं आणि तास संपला की पुसून टाकायचा. खरा एकदाही पाहिला नव्हता. निवृत्त झाल्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा झिजतोय, मधोमधचं दिसणं जाईल, कडेचं तेवढं राहील. कधी, ते सांगता येत नाही. घरी आल्यावर बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तेवढा शनी दाखवा मला. मग काय व्हायचं ते होऊ दे."

दुर्बीण लगेच आली. गच्चीवर ठेवायची, अंधार पडला की बाईंना वर न्यायचं, इतकं सोपं होतं. पण माणूस पडला लिफ्टवाला, वर्षानुवर्षं इमारतींत लिफ्ट बसवत आलेला. अर्धवट काम कुणाच्या ताब्यात द्यायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं.

"वर वारा असतो. दुर्बीण थरथरते," तो म्हणाला. "तुला काय थरथरता शनी दाखवू? नीट खोली बांधतो. बटण दाबलं की छप्पर सरकलं पाहिजे."

"छपराला नाही बघायचंय मला," बाई हसून म्हणाल्या. तेव्हा त्या हसत होत्या.

खोली उभी राहिली. दुर्बिणीचा खांब खोलीच्या फरशीपासून सुटा ठेवला, म्हणजे कुणी चाललं तरी धक्का बसू नये. बाईंचा धाकटा भाऊ वेल्डिंगचं काम करायचा. त्याने चाकांवरचं पत्र्याचं छप्पर करून दिलं. ते रुळांवर चढवलं, एका हाताने ढकललं, तर सुरकन सरकलं.

"झालं की, भाऊजी!" मेव्हणा म्हणाला. "आज संध्याकाळीच दाखवा ताईला."

"हाताने ढकलून? आणि परत सरकून तिच्या डोक्यात आलं तर?"

मेव्हण्याने कपाळाला हात लावला आणि तो निघून गेला.

मग सरकत्या फाटकाची मोटर बसली. मोटर बसली तर छप्पर वाकडं ओढायला लागलं, म्हणून रूळ उखडून पुन्हा टाकले. दोन्ही टोकांना आपोआप थांबायची बटणं आली. पाऊस पडला तर छप्पर मिटावं म्हणून एक यंत्र आलं. दुर्बीण आडवी झाल्याशिवाय छप्पर हलू नये, अशी अडसराची सोय झाली. तोवर शनी सूर्याआड गेला.

"कुठे पळून जातोय? पुढच्या वर्षी येईलच की," तो म्हणाला. शनीबद्दल हे खरंच होतं.

खाली बाई चहा ओतताना कपाच्या बाहेर ओतू लागल्या होत्या. त्याने ते पाहिलं, फडक्याने पुसलं आणि रुळांना ग्रीस लावायला वर गेला. त्याला कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याला भीती वाटत होती. एकदा शनी पाहिला की बाईंचं मागणं संपलं. मग 'काय व्हायचं ते' व्हायला मोकळं. काम बाकी आहे तोवर आजारही बाहेर ताटकळत बसेल, असा वेडगळ हिशेब त्याने मनाशी बांधला होता. आजार कुणासाठी ताटकळत बसत नाही.

शनी परतला तेव्हा खोलीत कणभर खोट उरली नव्हती. दिवेलागण झाल्यावर तो बाईंना हाताला धरून वर घेऊन आला. बटण दाबलं. छप्पर आवाज न करता बाजूला गेलं, डोक्यावर आभाळ आलं. त्याने शनी बरोबर मधोमध आणला आणि बाईंना स्टुलावर बसवलं.

बाई वाकल्या. बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग दुसरा डोळा लावला.

"कडेला काहीतरी उजेड आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे बघायला गेलं की जातो."

त्याने घाईघाईने भिंग बदललं, पुन्हा जुळवलं, स्वतः पाहिलं. शनी स्वच्छ होता, कडं कोरल्यासारखं.

"आता बघ."

"नाही हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, कसा आहे?"

तो डोळा लावून उभा राहिला. वर्षभर त्याने मोटर, रूळ आणि तारा पाहिल्या होत्या. आभाळाकडे पाहायचं त्याला शिकवलं होतं कुणी?

"पिवळा आहे," तो म्हणाला. "भोवती कडं आहे."

"एवढं तर मी पोरांना शिकवायचे," बाई म्हणाल्या. "अजून सांगा ना."

त्याने तोंड उघडलं, पण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि आता त्यालाही काही दिसत नव्हतं. बाई स्टुलावर हात जोडून, मान वर करून, वाट बघत बसल्या होत्या.