एकाच अक्षरातल्या चिठ्ठ्या

१९७४ च्या मार्चमध्ये सोलापुरातल्या एका कापड गिरणीत कामगारांच्या मनःस्वास्थ्यावर व्याख्यान झालं. साचाखात्यातले, म्हणजे मागांवर काम करणारे, साठ पुरुष हजर होते, कारण हजेरी सक्तीची होती. मनही आजारी पडतं, असं गिरणीच्या डॉक्टरांनी तासभर सांगितलं. मग शंका विचारायला सांगितलं. कोणालाच शंका नव्हती.

"लाज वाटत असेल तर चिठ्ठी लिहा," डॉक्टर म्हणाले. "नाव नको. बुधवारपर्यंत दवाखान्यातल्या पेटीत टाका."

साचाखात्यात लिहिण्याचं काम गुरुसिद्धप्पाचं. तो खात्याचा कारकून. ज्यांना लिहिता येई तेही अर्ज त्याच्याकडूनच लिहून घेत. त्याच्या अक्षरातला अर्ज मंजूर होतो, अशी समजूत होती. चिठ्ठ्यांसाठीही एकेक जण आला. प्रत्येकाने त्याला सिद्धरामेश्वराची आण घातली आणि प्रत्येकाने शंका मित्राची असल्याचं सांगितलं.

कल्लप्पा सर्वांत शेवटी आला. दिवाळीत त्याची बायको महानंदा वारली होती. तिसऱ्या दिवशी तो साच्यावर उभा राहिला म्हणून खात्यात त्याचं कौतुक झालं होतं.

"एका दोस्ताचं हाय," तो म्हणाला. "फिरता पट्टा बघितला की त्यात हात घालावा वाटतंय त्याला. लिहा की अण्णा."

गुरुसिद्धप्पाने लिहिलं.

बुधवारी एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या. अक्षर एकच. एका माणसाला इतकं सगळं झालेलं डॉक्टरांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी अक्षर हजेरीपटाशी ताडून पाहिलं. गुरुसिद्धप्पाला दर बुधवारी उपचारासाठी अर्धा दिवस सुटी मिळाली आणि फिरत्या पट्ट्यांजवळ जायची मनाई झाली. कल्लप्पा पट्ट्याजवळच राहिला.

खातं हळहळलं.

"लई शिकलं की असंच होतंय," साच्यावरचा हिंदुराव म्हणाला. मग जवळ सरकला. "जातोच हाईस तर छातीत धडधडतंय त्याचं औषध इचार. माझ्या दोस्ताला पायजे."

खरं सांगितलं असतं तर गुरुसिद्धप्पा सुटला असता. पण कल्लप्पा पुन्हा कोणापाशी बोलला नसता, आणि पट्टा तर रोज फिरत होता. पुढच्या बुधवारी जेवणाच्या सुटीत त्याने कल्लप्पाला गाठलं.

"एकट्याला जायची भीती वाटतीया. संगं चल की."

"व्हय अण्णा. येड्या माणसाला एकटं कसं सोडायचं?"

आजाऱ्यासोबत जायला साचाखात्यात कोणी कधी नाही म्हणत नसे. दोघे दवाखान्यात बसले. डॉक्टरांनी गुरुसिद्धप्पाकडे पाहून विचारलं, "पट्ट्यात हात घालावासा कधीपासून वाटतं?"

गुरुसिद्धप्पाने कल्लप्पाकडे पाहिलं.

"घाबरू नका. कधीपासून?"

"दिवाळीपासनं," कल्लप्पा म्हणाला.

"तुम्ही त्यांना बोलू द्या."

"त्यांला काय ठाऊक, सायब? साचा चालू हाय तवर बरं असतंय. बंद झाला की घरी जावं लागतंय. घरी तिचं लुगडं अजून दोरीवरच हाय."

डॉक्टरांनी खुर्ची कल्लप्पाकडे वळवली. गुरुसिद्धप्पा उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. तासाभराने कल्लप्पा बाहेर आला. डोळे लाल होते. त्याच दिवशी त्याची बदली घडीखात्यात झाली, जिथे पट्टे नव्हते. कारण लिहिलं होतं : आजारी सहकाऱ्याची देखभाल.

पुढच्या बुधवारी दोघे निघाले तेव्हा हिंदुराव फाटकापाशी टोपी घालून उभा होता.

"अण्णा," तो म्हणाला, "आजाऱ्यासंगं दोन माणसं चालत न्हाईत का?"