होडीतली खुर्ची

कारभारीला कसलंच व्यसन नव्हतं, ही त्याच्या बायकोची, साळूबाईची, जुनी तक्रार होती. व्यसन असतं तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. वाळूजच्या एका कंपनीत बावीस वर्षं नोकरी झालेला, पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपचा सुपरवायझर असलेला हा माणूस सुट्टीच्या दिवशी पाऊण तास मोटारसायकल हाकत नाथसागराच्या काठावर जायचा आणि स्वतः वेल्डिंग केलेल्या पत्र्याच्या होडीत बसून खेकडे धरायचा. विकायचा नाही. निम्मे बिरूला द्यायचा, निम्मे घरी आणायचा, आणि घरात त्याच्याशिवाय ते कुणी खात नव्हतं.

बिरू काठच्या गावचा, मेंढरं राखणारा, आणि होडीतला त्याचा जोडीदार. धरणाखाली गेलेलं जुनं गाव बिरूला पाठ होतं. खेकडे राहतात दगडी भिंतींच्या फटींत. कुठली भिंत कुठं बुडालीय हे ज्याला ठाऊक, खेकडे त्याचेच. सायकलच्या जुन्या रिंगला जाळं बांधायचं, मधोमध कोंबडीची आतडी, रिंग दोरीनं भिंतीवर सोडायची, दोरीच्या वरच्या टोकाला खुणेची रिकामी बाटली. तासाभरानं झटक्यात ओढायची. कला एवढीच. बाकी नुसतं बसून राहणं.

हे सगळं अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चपर्यंत बिनबोभाट चाललं होतं. मग कारभारीच्या मुलीची, कांचनची, सुपारी फुटली. मुलगा फुलंब्रीच्या आप्पासाहेबांचा. लग्न मे महिन्यात. आणि सुपारीच्या जेवणात कुणीतरी खेकड्यांचा विषय काढला.

"आमाला न्या की एकदा," आप्पासाहेब म्हणाले.

वरबापानं असं म्हटल्यावर ती विनंती नसते.

साळूबाईनं त्या रात्री नवऱ्याला एकच गोष्ट बजावली. "मागचं स्थळ त्यांनी कशावरून मोडलं, ठावं हाय ना? मुलीचा बाप पलंगावर बसला आन् ह्यांना सतरंजी दिली. तेवढ्यावरून उठले. तुमच्या त्या डबड्यात त्यांना खाली बसवू नका."

म्हणून कारभारीनं होडीत खुर्ची ठेवली. हातांची, प्लॅस्टिकची, पांढरी. होडीच्या मधल्या पट्टीला चारी पाय नायलॉनच्या दोरीनं आवळून बांधले आणि सवयीप्रमाणे हलवून बघितले. खुर्ची पक्की होती. आठ फुटांच्या, तळाशी मांडी घालून बसायच्या होडीत खुर्ची बांधल्यावर होडीचं काय होतं, हे त्याच्या शॉपमधल्या कालच्या ट्रेनीनंही सांगितलं असतं. पण ट्रेनीला लग्नाची मुलगी नव्हती.

आप्पासाहेब आले ते जीपमधून, धुतलेलं धोतर आणि फेटा बांधून. वजन शंभराच्या अलीकडे, पण फार अलीकडे नाही. दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं, तेव्हा पाण्यापासून वीतभर वर असलेला होडीचा काठ चार बोटांवर आला. बिरूनं कारभारीकडे पाहिलं. कारभारीनं आभाळाकडे पाहिलं.

पहिल्या रिंगमध्ये सात खेकडे निघाले. आप्पासाहेबांनी टाळी वाजवली आणि होडी डुलली.

"टाळी नका वाजवू," बिरू म्हणाला.

"ह्यो कोण?"

"बिरू. आपलाच माणूस," कारभारी घाईनं म्हणाला.

दुसऱ्या रिंगमध्ये पाच, तिसऱ्यात नऊ. खेकडे बादलीत पडत होते, आणि खुर्चीतला माणूस जिल्हा परिषदेची बैठक चालवावी तसा बोटानं दिशा दाखवत होता. "तिकडं. ती बाटली." आठव्या रिंगपर्यंत काठ अर्धा किलोमीटर मागं पडला, आणि पश्चिमेकडून पाण्यावर एक काळपट पट्टा सरकत आला.

"दादा, वारं," बिरू हळूच म्हणाला. "माघारी फिरू."

"किती राहिल्या?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"चार. पण उद्याबी राहतील त्या."

"आमी उद्या येणार हाय का?"

नववी ओढली. दहावी ओढताना वारं पोचलं. नाथसागराला काठावरचे लोक तळं म्हणत नाहीत, त्याला कारण आहे. लाटा आखूड आणि उभ्या, एक संपायच्या आत दुसरी. होडी डावीकडे गेली, खुर्ची तिच्याहून जास्त गेली, आणि काठावरून बादलीभर पाणी आत आलं. बिरू वल्हं टाकून पत्र्याच्या डब्यानं उपसायला लागला. कारभारीनं वल्हं धरून होडीचं नाक लाटेकडे वळवलं.

"आप्पासाहेब," तो म्हणाला, "जरा खाली बसता का? खेकडे जवळून दिसतील."

"दिसत्यात मला हितून."

"तसं नाय, खाली वारं लागत नाय."

"मला वाऱ्याचं काय नाय."

आणखी एक लाट आत आली. बिरूचा धीर सुटला. "आप्पा, खाली या! नायतर आपण तिघंबी जुन्या गावात राहायला जाऊ!"

"कोण मला खाली बस म्हणतो?" आप्पासाहेबांचा आवाज चढला. "माझा बाप निजामाच्या तहसीलदारापुढं खुर्चीत बसला व्हता! समद्या तालुक्यात एकटा!"

"तहसीलदार पाण्यात नव्हता," बिरू म्हणाला, आणि उपसत राहिला.

कारभारीनं व्याह्यांच्या हातांकडे पाहिलं. खुर्चीचे हात त्यांनी इतके आवळले होते की नखं पांढरी पडली होती. फेटा एका कानावर आला होता, आणि तो सरळ करायला एक हातही सुटत नव्हता. माणूस घाबरला होता. त्याला खाली यायचं होतं. पण मुलीचा बाप तळाशी, चिखलपाण्यात मांडी घालून बसलेला, आणि वरबापानं त्याच्या बरोबरीला येऊन बसायचं, हे एवढ्या पंचावन्न वर्षांत त्याच्या अंगाला कुणी शिकवलंच नव्हतं. वरबाप खाली यायचा तर वधूबापाला त्याहून खाली जायला हवं. आणि होडीत त्याहून खाली फक्त पाणी होतं.

पुढच्या लाटेला उजवा काठ पाण्याला टेकला आणि तिथंच क्षणभर राहिला. बादली कलंडली. तळाशी खेकडेच खेकडे झाले.

कारभारीनं हिशेब केला, तो प्रेसखाली हात जायच्या आधी माणूस करतो तेवढ्या वेळात. खुर्चीतून ओढून पाडलं तर तिघं वाचतील आणि लग्न मोडेल. नाही ओढलं तर लग्नाचा प्रश्नच उरणार नाही. कांचनचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढं आला नाही. साळूबाईचा आला.

त्यानं वल्हं बिरूच्या हातात दिलं, चपला काढल्या, त्या नीट जोडीनं ठेवल्या, आणि मागच्या बाजूनं पाण्यात उतरला.

"दादा!" बिरू ओरडला.

"नाक लाटंकडं ठेव," पाण्यातून आवाज आला. होडीच्या मागच्या कडेवर दोन हात आणि हनुवटी दिसत होती. हनुवटी म्हणाली, "आप्पासाहेब, आता मी लई खाली हाय. आता तुमी खाली बसा. तळाशी बसले तरी तुमीच वर."

आप्पासाहेबांनी त्या हनुवटीकडे पाहिलं. एक लाट तिच्यावरून गेली. हनुवटी पुन्हा वर आली, खोकली.

"बरं," आप्पासाहेब म्हणाले. "आता तुमचा एवढा आग्रह हाय, म्हणून."

ते खुर्चीतून घसरले, तळाशी खेकड्यांत धप्पकन बसले, आणि होडी एकदम शहाण्यासारखी स्थिर झाली. बिरूनं कमरेचा विळा काढला, चार दोऱ्या कापल्या आणि खुर्ची वाऱ्याच्या स्वाधीन केली. आप्पासाहेबांच्या मांडीला एका खेकड्यानं धरलं, तो त्यांनी स्वतःच्या हातानं सोडवला.

पण काठ दूर होता. बिरू वल्हवत होता, कारभारी मागं पाय मारत होता, आणि पाणी अजून थंड होतं. निम्म्या वाटेत त्याच्या पोटरीत गोळा आला. डावा हात कडेवरून सुटला. पत्र्याची कड त्यानं स्वतः घासून गुळगुळीत केली होती, कुणाला लागू नये म्हणून. आता ती धरायला फार गुळगुळीत होती. उजव्याची बोटं एकेक करून सरकायला लागली. हाक मारावी म्हणून त्यानं तोंड उघडलं तर त्यात पाणी गेलं.

बिरूची पाठ त्याच्याकडे होती.

तेवढ्यात मनगटावर काहीतरी जड बसलं. सोन्याच्या अंगठ्यांसकट. आप्पासाहेब तळाशी गुडघ्यांवर सरकत, खेकडे चिरडत, मागच्या कडेपर्यंत आले होते. पोट कडेवर दाबून त्यांनी दोन्ही हातांनी कारभारीचं मनगट धरलं. फेटा पाण्यात पडला आणि हळूहळू उलगडत मागं राहिला.

"पाय मारू नको, इवाई," ते व्याह्याला म्हणाले. "नुसता पड."

"तुमचा फेटा..."

"गप पड म्हणलं ना."

ते दोघं तसेच चेहऱ्यासमोर चेहरा ठेवून आले, वीतभर अंतरावर, कितीतरी वेळ. आप्पासाहेबांना धाप लागली होती. मनगटावरची पकड मात्र कमी झाली नाही, उलट कारभारीची बोटं काळीनिळी झाली. होडीचं नाक चिखलात रुतलं, बिरू उडी मारून उतरला, कारभारीचे गुडघे जमिनीला टेकले, तरी त्यांनी सोडलं नाही.

"आप्पा, आलं की काठ," बिरू म्हणाला. "सोडा आता."

"कळतंय मला," आप्पासाहेब म्हणाले, आणि थोड्या वेळानं सोडलं.

काठावर उघड्या डोक्यानं, चिखलानं भरलेल्या धोतरात ते उभे राहिले. जीपचा ड्रायव्हर धावत आला आणि त्यांचं रूप बघून चार पावलं आधीच थांबला. कारभारी चिखलात बसून होता. आता बोलतील, मोडलं म्हणतील, म्हणून तो वाट बघत होता. उठायची ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर ह्या घडीला उठणं शोभलंही नसतं.

आप्पासाहेबांनी आजूबाजूला बघितलं. बसायला काहीच नव्हतं. मग ते कण्हत वाकले आणि कारभारीच्या शेजारी, त्याच्या बरोबरीला, चिखलात बसले.

"मांडवात खुर्च्या लोखंडी सांगा," ते म्हणाले. "प्लॅस्टिकच्या हलत्यात."

"सांगतो," कारभारी म्हणाला. त्याला हुडहुडी भरली होती, त्यामुळे ते दोनदा म्हणावं लागलं.