तेवीस गाठींची माती

मातीची पुरचुंडी कानाला लावून मठातल्या बाबांनी डोळे मिटले आणि समोरची शे-दीडशे माणसं श्वास रोखून बसली.

"माती बोलतेय," बाबा म्हणाले. "नऊ पोती युरिया मागतेय."

पुरचुंडीत आपल्या शेताची माती घेऊन आलेले वडील गहिवरले. शेजारी बसलेल्या लेकीला कपाळावर हात मारावासा वाटला. माती तपासायच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. याच शेताची माती वाळवून, चाळून, तपासून तिने कागदावर लिहून दिलं होतं, जमिनीत नत्र भरपूर आहे, यंदा युरिया नको. वडिलांनी त्या कागदाची घडी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली होती.

गेल्या वर्षी बाबांच्या सांगण्यावरून युरिया ओतला तर पीक नुसतं माजलं आणि दाणे भरायच्या आत आडवं झालं. "ते मला लोटांगण घालतंय," बाबा म्हणाले, आणि वडिलांना ते पटलंसुद्धा. यंदाही तसंच झालं तर घरात खायला दाणा उरणार नव्हता.

लेकीने पुरचुंडीचा दोरा पाहिला. त्यावर नऊ गाठी होत्या. दोरा बांधायला मठाच्या फाटकाशी बाबांचा पट्टशिष्य बसायचा. खताचं दुकानही त्याचंच. "शेत केवढं? ट्रॅक्टर घेतलात म्हणे?" असं गोड बोलत तो गाठी मारायचा.

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांच्या देखत दारातल्या कुंडीतली माती पुरचुंडीत भरली.

"अगं, ही कुंडीतली आहे."

"तिलाही काही बोलायचं असेल, बाबांना ऐकू दे."

"जागा इवलीशीच आहे," असं तिने सांगितल्यावर शिष्याने दोन गाठी मारल्या. रांगेत उभ्या उभ्या तिने आणखी एकवीस मारल्या.

बाबांनी डोळे मिटले. अंगठा दोऱ्यावरून सरकू लागला आणि काही केल्या थांबेना.

"तेवीस पोती," ते कसेबसे म्हणाले.

वडील उठले. "बाबा, ही दारातल्या कुंडीची माती. तेवीस पोती कुंडीत मावतील कशी?"

"थोडी थोडी घाला," शिष्य म्हणाला.

लेकीने दोरा उंच धरला. "यातल्या एकवीस गाठी माझ्या आहेत. आपापल्या दोऱ्यावरच्या मोजा." सगळे खाली माना घालून मोजू लागले. "माती कुणाशी बोलत नाही. तिच्यात नत्र किती ते मोजावं लागतं. माझं मोजमापही खुशाल पडताळा, पण नुसत्या विश्वासावर शेतात पोतं रिकामं करू नका."

घरी येताच वडिलांनी टेबलाखालचा कागद काढून चष्मा लावला. टेबल पुन्हा डुगडुगू लागलं. तेव्हा त्यांनी नऊ गाठींची पुरचुंडी त्या पायाखाली सरकवली.

"काही बोलली तर सांग," ते लेकीला म्हणाले आणि कागद वाचायला बसले.